स्काऊट-गाईड पथक चालवताय? मग या चुका टाळा

शाळेचं स्काऊट पथक सांभाळायला लागून मला बावीस वर्षं झाली. दर जूनमध्ये कुणीतरी नवे सर किंवा बाई प्रशिक्षण करून येतात, गळ्यात कोरा करकरीत स्कार्फ, आणि मी केलेल्याच चुका ऑगस्टपर्यंत करून मोकळे होतात. मग फोन येतो, ‘सर, मुलं ऐकत नाहीत.’ मुलं ऐकतात हो. तुम्ही त्यांना करायला काही ठेवलेलंच नसतं.

आईची खरी कमाई

मुलांनी स्वतः राबून चार पैसे मिळवायचे, ही ‘खरी कमाई’. कल्पना झकास. प्रत्यक्षात काय होतं? मैदानात आनंद मेळाव्याची टेबलं लागतात, आया पहाटे चारला उठून पातेली भरतात आणि मुलं हातात डाव धरून फोटोला उभी राहतात.

माझ्या पहिल्याच वर्षी सातवीच्या एका संघाने मिसळ ठेवली होती. साडेदहाला रस्सा संपला. समोर गिऱ्हाइकांची रांग, आणि सहाही स्काऊट फाटकाकडे डोळे लावून बसलेले, कारण दुसरं पातेलं स्कूटरवरून येणार होतं. आलंही. संध्याकाळी संघनायक छाती फुगवून म्हणाला, ‘सर, साडेबाराशे नफा!’

‘मटकी किती आणली होती?’
‘आईला माहीत.’
‘फरसाण?’
‘बाबांनी आणलं.’
‘आणि पाव?’
मागून एकजण हळूच म्हणाला, ‘पावाचे अजून द्यायचेत.’

दुसऱ्या दिवशी आयांना विचारून हिशेब मांडला. साडेबाराशे हा नुसता गल्ला होता. खर्च चौदाशेच्या घरात. म्हणजे दीडशेचा तोटा, तोही आईच्या अंगावर. आणि शरमेची गोष्ट सांगतो, आदल्या संध्याकाळी मुख्याध्यापकांना मीही गल्ल्याचाच आकडा ‘नफा’ म्हणून सांगून आलो होतो.

तेव्हापासून प्रत्येक संघाला पथकाच्या पैशातून दोनशे रुपये उसने देतो. ते परत येईपर्यंत ‘नफा’ हा शब्द काढायचा नाही. मुलांनी आधी एकदा माझ्यासमोर करून दाखवला असेल तोच पदार्थ विकायला ठेवायचा, मग ते लिंबू सरबत असो, भेळ असो नाहीतर तिखटमीठ लावलेल्या काकडीच्या फोडी. पालकांनी यायचं ते गिऱ्हाईक म्हणून. काही आया रुसतात. रुसू देत. एका वर्षी गाईडच्या मुलींनी भेळेत दोनदा मीठ घातलं, अर्धं पातेलं टाकून दिलं आणि कमावले अठ्ठावीस रुपये. पण वहीत ‘खारट भेळ’ नावाचा वेगळा रकाना होता, त्यात टाकलेल्या चुरमुऱ्यांपासून कोथिंबिरीपर्यंत सगळ्याची किंमत. मेळाव्यातला सगळ्यात चोख हिशेब तोच.

फळ्यावरच्या गाठी

गाठ फळ्यावर काढून दाखवणारे मास्तर मला कधीच कळले नाहीत. पोहणं काय फळ्यावर शिकवता? आता मोबाइलवरचा व्हिडिओ दाखवतात, म्हणजे फळाच, फक्त हलणारा.

सगळ्यांची पहिली फसगत रीफ गाठीत होते. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. घाईत पोरं दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर टाकतात, आणि दिसायला जवळपास तशीच पण सरकणारी गाठ तयार होते. ओळखायची खूण सोपी आहे. खरी रीफ गाठ सपाट बसते आणि तिची टोकं मूळ दोरीला लगटून परत जातात. चुकलेल्या गाठीची टोकं आडवी बाहेर येतात. माझ्या खिशात कायम हातभर लांबीचे दोन तुकडे असतात, एक लाल, एक पांढरा. रंग वेगळे असले की कुणाला काही सांगावं लागत नाही, चूक ज्याची त्याला दिसते.

दुसरं, रीफ गाठ बँडेज बांधायला उत्तम, पण वजन पेलणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला ती वापरू नका. एका शिबिरात आमच्या पोरांनी जाड दोर आणि सुतळी रीफ गाठीने जोडून त्यावर ओल्या चादरी टाकल्या होत्या. सकाळी चादरी चिखलात. जाड-बारीक दोऱ्या जोडायला शीट बेंड नावाची वेगळी गाठ असते. हे मी आदल्या दिवशी शिकवलं होतं, अर्थात फळ्यावर!

बाकीच्या, थोडक्यात

चाळीस मुलं एका शिट्टीवर हाकू नका. स्काऊट चळवळ सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेलने १९०७ साली इंग्लंडमधल्या ब्राउनसी बेटावर पहिलं शिबिर घेतलं ते वीसेक मुलांचं, आणि एवढ्याशा मुलांचेही त्याने चार संघ पाडले. सहा-आठ जणांचा संघ करा, संघनायकाला आधी शिकवा आणि पुढचं त्याच्यावर सोडा. तो चुकीचं शिकवेल. शिकवू द्या, शनिवारी दुरुस्त करा.

चूल पेटत नाही म्हणून रॉकेल ओतायचं नाही. लाकडं ठासून भरलेली असतात, हवेला वाट नसते. दोन काढा.

शिबिरात भात करपला तर करपलेलाच खायचा. रात्री आठला डबे घेऊन येणाऱ्या पालकांना मी फाटकावरूनच परत पाठवतो.

शेकोटीच्या वेळी पाहुण्यांचं भाषण ठेवू नका. कृपा करा.

आणि राज्य पुरस्काराची घाई. स्काऊट-गाईडच्या पायऱ्या ओळीने आहेत: प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, त्यानंतर तो येतो. पण काहींना पहिल्या दिवसापासून तोच दिसतो, आणि मग चाचणीच्या आदल्या रात्री घरोघर नोंदवह्या रंगवल्या जातात. बरेचदा अक्षर ताईचं. मला चिखलाचे नाहीतर काजळीचे डाग पडलेली वही आवडते. डाग नसलेली वही आली की मी ती उघडतही नाही, आधी खिशातले दोन तुकडे पुढे करतो.