रचनावादाचे उत्तर कसे लिहावे: भारत-अमेरिका अणुकराराच्या आधारे

आंतरराष्ट्रीय संबंधांत रचनावाद म्हणजे राष्ट्रांचे वागणे त्यांच्या ओळखींतून आणि परस्परांविषयीच्या समजुतींतून घडते, असे मानणारा सिद्धांत. परीक्षेत त्यावरचे उत्तर बहुतेक वेळा पहिल्याच परिच्छेदात घसरते. या सिद्धांताचा प्रमुख अभ्यासक अलेक्झांडर वेंट याच्या १९९२ च्या लेखाचे शीर्षक, ‘अराजक (राष्ट्रांच्या वर कोणतीही सत्ता नसणे) म्हणजे राष्ट्रांनी त्याचे जे केले ते’, टाकायचे आणि ‘म्हणून सत्तेपेक्षा मूल्ये मोठी’ असे लिहून मोकळे व्हायचे. रचनावाद असे म्हणतच नाही. शस्त्रे, सैन्य, पैसा सगळे त्याला मान्य आहे. त्यांना अर्थ कुठून येतो, एवढाच त्याचा प्रश्न. नागपूरकरांनी झिरो माइलवर विचार करून पाहावा. खांब दगडाचा आहे, कुणी मानो न मानो. अंतरे तिथून मोजायची, हे मात्र लोकांनी मानले म्हणूनच खरे. वेंटचे स्वतःचे उदाहरणही इथे बसते: ब्रिटनची ५०० अण्वस्त्रे अमेरिकेला उत्तर कोरियाच्या ५ अण्वस्त्रांइतकी धोक्याची वाटत नाहीत.

२५० शब्दांच्या उत्तरात ही ओळख ४० शब्दांत उरका. बाकीची जागा एकाच घटनेला द्या, तीही तारखांसकट. भारत-अमेरिका अणुकरार, म्हणजे नागरी अणुऊर्जा सहकार्याचा करार, त्यासाठी फार सोयीचा.

आधी दोन टोके पक्की करा. मे १९९८ मध्ये पोखरणच्या चाचण्या, अमेरिकेचे निर्बंध आणि ६ जूनला सुरक्षा परिषदेचा निषेधाचा ठराव ११७२. दुसऱ्या टोकाला ६ सप्टेंबर २००८: अणुपुरवठादार गटाने (अणुसामग्रीच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या गटाने) भारताला अणुव्यापारासाठी दिलेली सूट. मधल्या दहा वर्षांत भारताने अण्वस्त्रे सोडली नाहीत, अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सहीही केली नाही. बदलली ती ओळख. १८ जुलै २००५ च्या संयुक्त निवेदनात भारत ‘प्रगत अणुतंत्रज्ञान असलेले जबाबदार राष्ट्र’ झाला. ‘जबाबदार’ हा शब्द उत्तराचा कणा धरा.

आता सर्वांत मोठा धोका. ‘सूट दिली, कारण भारताला जबाबदार मानले, जबाबदार मानले हे कशावरून, तर सूट दिली.’ हा तर्क स्वतःभोवतीच फिरतो आणि उत्तर तिथेच पडते. ओळखीचा पुरावा कृतीच्या आधीचा हवा आणि तिच्यापासून वेगळा हवा. तो उपलब्ध आहे. गटात तेव्हा ४५ सदस्य होते, निर्णय सर्वसहमतीने होत असे, आणि ऑस्ट्रिया, आयर्लंड, न्यूझीलंड अडून बसले होते. ५ सप्टेंबरला तेव्हाचे परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जी यांनी निवेदन काढले: चाचण्या न करण्याचा स्वेच्छेने घेतलेला निर्णय कायम, प्रथम वापर न करण्याचे धोरणही कायम. दुसऱ्या दिवशी सूट मिळाली. उत्तरात हे दोन दिवस सावकाश मांडा.

मग वास्तववाद्याची, म्हणजे सत्ता आणि स्वार्थ यांवरून राष्ट्रांचे वागणे समजावणाऱ्याची, बाजू प्रामाणिकपणे लिहा: चीनला शह द्यायचा होता आणि अमेरिकेने दबाव आणला. अमेरिकेला करार का हवा होता, हे वास्तववाद जास्त चांगले सांगतो. अडून बसलेल्यांचे मन वळवताना भाषा जबाबदारीचीच का वापरावी लागली, हे रचनावाद सांगतो. हा वाटा न करता दोन्ही सिद्धांत शेजारी-शेजारी ठेवले तर तुलना होत नाही, नुसती यादी होते.

चिकित्सक पर्यायांपैकी (चिकित्सक सिद्धांत, उत्तर-वसाहतवाद, स्त्रीवाद, म्हणजे प्रस्थापित व्यवस्थेलाच प्रश्न विचारणारे सिद्धांत) एकच निवडा. सगळेच कोंबले की प्रत्येकाला एकेक ओळ येते आणि एकही पटत नाही. चिकित्सक सिद्धांताचा अभ्यासक रॉबर्ट कॉक्स याने १९८१ मध्ये मांडले की सिद्धांत नेहमी कुणासाठी तरी आणि कशासाठी तरी असतो. तो प्रश्न अणुकरारालाच विचारा. जबाबदार कोण, हे ठरवण्याचा अधिकार कुणाचा? अण्वस्त्रप्रसारबंदी करारानुसार १ जानेवारी १९६७ पूर्वी स्फोट केलेलीच राष्ट्रे अधिकृत अण्वस्त्रधारी, ही रेषा कुणाच्या सोयीची? ज्या नागपुरात १९५६ ची धम्मदीक्षा झाली, तिथल्या विद्यार्थ्याला ‘नियम कुणी ठरवला’ हा प्रश्न परका नाही. भाजपचे नेते जसवंत सिंह यांनी १९९८ मध्ये या रेषेला आण्विक वर्णभेद म्हटले होते. २००८ मध्ये रेषा पुसली गेली नाही, भारतापुरते दार उघडले. उत्तर-वसाहतवादी टीकेचा खरा मुद्दा हा. देशाच्या आतही तोच प्रश्न लावायचा असेल तर कोकणातल्या जैतापूरचा नियोजित अणुऊर्जा प्रकल्प घ्या: सन्मान राष्ट्राला मिळाला, पण जमीन आणि मासेमारीची धास्ती स्थानिकांच्या वाट्याला आली.

स्त्रीवाद निवडलात तर वाटाघाटीत स्त्रिया किती होत्या, यावर थांबू नका. स्त्रीवादी अभ्यासक कॅरोल कोन हिने १९८७ मध्ये अण्वस्त्र-तज्ज्ञांची भाषा तपासली होती. तुम्हीही भाषेवरच बोट ठेवा: ताकद म्हणजे पौरुष आणि संयम म्हणजे दुबळेपणा, असे शब्द पोखरणनंतरच्या भाषणांत आणि अग्रलेखांत शोधा, आणि सापडलेले वाक्य जसेच्या तसे तारखेसह उद्धृत करा.