एपकॉटमध्ये अकरा देशांपैकी जेवायला कुठे बसायचं, हे कसं ठरवाल

ऑर्लँडोला डिस्नी वर्ल्ड बघायला जाणारे बहुतेक जण राइड्सचं प्लॅनिंग महिनाभर आधीपासून करतात आणि जेवणाचं मात्र "तिथे गेल्यावर बघू" म्हणतात. डिस्नी वर्ल्डमधल्या एपकॉट या पार्कमध्ये असं करू नका. तिथे मागच्या बाजूला तळ्याभोवती अकरा देश मांडलेत, म्हणजे त्या त्या देशाच्या धाटणीचे छोटे भाग उभारलेत, मेक्सिको, नॉर्वे, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, मोरोक्को, फ्रान्स, इंग्लंड, कॅनडा, याच क्रमाने, आणि प्रत्येक ठिकाणी खायला काही ना काही आहेच. पूर्ण फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा आई-बाबा भारतातून आलेले, दोन पोरं सोबत, आणि आम्ही प्रत्येक दारातला मेन्यू वाचत "पुढे अजून चांगलं असेल" म्हणत चालत राहिलो, जपान येईस्तोवर दोन वाजून गेले होते आणि आई कठड्यावर बसली ती उठेचना. दुसऱ्या वेळी नीट ठरवून गेलो, ते कसं ते सांगते.

पहिलं काम, देश निवडू नका, माणसं बघा. कोण काय खात नाही याची घरीच यादी करा. बीफ न खाणारे असतील तर कॅनडाचं ल सेलिए सोडून द्या, ते मुळात स्टेकहाउसच आहे. पोरं राजकन्यांसाठी वेडी असतील तर नॉर्वेच्या आकेर्सहूसमध्ये राजकन्या टेबलापाशी येऊन भेटतात, तिथे पैसे जेवणाइतकेच त्या भेटीचे असतात हे लक्षात ठेवा. आणि ज्याचं खाण्याचं सगळ्यात अवघड असेल त्याच्यासाठी जागा आधी शोधा, बाकीच्यांचं कुठेही भागतं.

शाकाहारी असाल तर इथे जरा थांबून वाचा. मेन्यूवर हिरवं पान दिसलं की तो पदार्थ प्लांट-बेस्ड, म्हणजे दूध, अंडं, मध काहीच नाही. पण पान नसलेल्या "व्हेज" पदार्थात अंडं असू शकतं, अमेरिकेत अंडं शाकाहारीच धरतात. जपानी सूप भाज्यांचं दिसलं तरी त्याचा रस्सा पुष्कळदा माशाचा असतो, चिनी भाजीत ऑयस्टर सॉस, म्हणजे कालवांचा सॉस, पडू शकतो, मेक्सिकन भात चिकनच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून "व्हेज आहे का" एवढंच विचारून थांबू नका, "रस्सा कशाचा, तळलंय कुठल्या तेलात" असं विचारा. अजिबात संकोच करू नका, बुकिंग करताना ॲलर्जी किंवा पथ्य लिहायची सोय असते आणि टेबलावर सांगितलं तर बऱ्याचदा शेफ स्वतः येऊन बोलतात.

जपानच्या तेप्पान एदोमध्ये एका तव्याभोवती आठ जण बसवतात, ओळखीचे असोत नसोत, आणि शेफ समोरच परततात. पोरांना प्रचंड मजा येते, पण शेजाऱ्याचा स्टेक आणि कोळंबी तुमच्या नाकाखाली शिजणार हे आईसारख्या माणसाला आधी सांगून ठेवा. आमच्या आईला चाललं नसतं, म्हणून आम्ही इटलीत व्हिया नापोलीला गेलो. तिथे लाकडावरच्या तीन भट्ट्या आहेत, एटना, व्हेसुव्हियो, स्ट्रोंबोली अशी ज्वालामुखींची नावं दिलेल्या, तोंडं उघडून बसल्यासारख्या दिसतात. मोठी मार्गारिटा मागवून सगळ्यांनी वाटून खाल्ली, आईने कडेचा करपलेला भाग सुद्धा सोडला नाही. आजी-आजोबा आणि पोरं एकत्र असतील तर मी डोळे झाकून हेच सांगेन.

जर्मनीत बिअरगार्टन बुफे आहे, लांब टेबलांवर अनोळखी लोकांसोबत बसायचं, समोर बँड वाजतो, मांसाहारी आणि भरपूर खाणारे असतील तरच पैसे वसूल होतात.

आता बुकिंग. जेवायच्या ६० दिवस आधी डिस्नीच्या ॲपवर सुरू होतं, अगदी पहाटे, आणि डिस्नीच्याच हॉटेलात उतरणार असाल तर मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधीच त्या मुक्कामातल्या सगळ्या दिवसांचं, जास्तीत जास्त १० दिवसांचं, एकदम करता येतं. हव्या त्या वेळेचं मिळालं नाही तर रोज ॲप उघडून बघत राहा, लोक रद्द करत असतात. न कळवता गेला नाहीत तर माणशी १० डॉलर कापतात, तेव्हा प्लॅन बदलला तर वेळेत रद्द करा. सहा किंवा जास्त जण असाल तर १८ टक्के टिप बिलातच लागते, वरून परत देऊ नका, बिल नीट वाचा.

वेळ ठरवताना पायांचा विचार करा. देशांचा भाग साधारण अकराला उघडतो. समोरून आलात तर डावीकडे मेक्सिको, उजवीकडे कॅनडा, मागच्या दाराने आलात तर फ्रान्स आणि इंग्लंडच्या मध्ये निघता. तुम्ही ज्या बाजूने फिरणार त्या बाजूला, साडेअकराच्या सुमाराला पोचाल असंच रेस्टॉरंट घ्या, तळ्याच्या पलीकडचं नको. दुपारी ऊन असह्य झालं तर मेक्सिकोच्या पिरॅमिडच्या आत शिरा, आत कायम संध्याकाळ असते, एसी असतो, आणि सान आंगेल इनच्या टेबलाशेजारून बोटी जातात. उजेड इतका कमी की मेन्यू बाबांनी मोबाइलच्या टॉर्चने वाचला.

बसून जेवण एकच ठेवा, दुसऱ्या वेळी काउंटरवरचं घ्या, ॲपवरून आधीच ऑर्डर केली की रांग वाचते. बर्फाचं पाणी काउंटरवर फुकट मिळतं, बाटली विकत घेऊ नका. घरचं खाणं आत नेता येतं, फक्त काचेची बाटली आणि दारू नको, गरम करावं लागेल असं काही नको, आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती आणि पोरांच्या अधल्यामधल्या भुकेला तीच कामी आली.

आणि नॉर्वेच्या बेकरीत स्कूल ब्रेड नक्की घ्या. वर खोबऱ्याचा कीस, मध्ये कस्टर्ड, अंडं असतं हे आधीच सांगते. बाबांनी तो फोडला, नाकाशी नेला आणि म्हणाले, "अगं, याला तर आपल्या वेलचीचा वास येतोय", आणि अर्धा माझ्या हातात दिला.