वाहाकाच्या किनाऱ्यावर काय खावं, काय प्यावं, कसं फिरावं

मेक्सिकोचा समुद्र म्हटलं की आपल्याकडची बहुतेक मंडळी कान्कूनचं तिकीट काढतात. मला विचाराल तर मी पॅसिफिकच्या बाजूला, दक्षिणेच्या वाहाका राज्यात जायला सांगेन. पुएर्तो एस्कोन्दिदो ते वातुल्को हा साधारण 110 किलोमीटरचा पट्टा 200 क्रमांकाच्या महामार्गाने जोडलेला आहे. कोळ्यांची गावं, खारफुटीची सरोवरं आणि मागच्या डोंगरात कॉफीचे मळे. आठवडाभराची सवड असेल तर हे सगळं न धावता पाहता येतं. पुएर्तो एस्कोन्दिदोच्या पश्चिमेची सरोवरं सोडली तर खालचा क्रम पश्चिमेकडून पूर्वेकडे लावला आहे.

आधी महिना ठरवा

पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर. वादळं त्याच्या आगेमागेही येतात. 30 मे 2022 रोजी अगाथा हे चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, पुएर्तो आंखेलजवळ धडकलं होतं. डिसेंबर ते मार्च देवमासे दिसतात, पण तेव्हा गर्दी असते आणि भावही चढलेले असतात. माझी पसंती नोव्हेंबरला. पाऊस सरलेला असतो, डोंगर अजून हिरवे असतात आणि कासवांची विणही चालू असते.

पोहोचण्याची सोय

मेक्सिको सिटीहून पुएर्तो एस्कोन्दिदो आणि वातुल्को या दोन्ही ठिकाणी विमानं जातात. एका ठिकाणी उतरून दुसरीकडून परतलात तर तोच रस्ता दोनदा करावा लागत नाही. वाहाका शहरातून येणार असाल तर फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या नव्या महामार्गाने पुएर्तो एस्कोन्दिदो साधारण तीन तासांवर आलं आहे. आधी घाटातल्या वळणांत सहा-सात तास जायचे.

गावागावांत फिरायला मागे बाकडी टाकलेल्या आणि वर ताडपत्री असलेल्या पिकअप गाड्या मिळतात. आपल्या वडापसारखंच: हात करा, चढा, उतरताना पैसे द्या. सुटे पेसो जवळ ठेवा. एक पेसो म्हणजे साधारण चार-पाच रुपये. लहान गावांत एटीएमवर विसंबू नका, पुएर्तो एस्कोन्दिदोतच पैसे काढून घ्या. भारतीय पारपत्रावर मेक्सिकोचा व्हिसा लागतो. अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर वेगळा काढावा लागत नाही, तरी तिकिटाआधी वकिलातीच्या पानावर ताजे नियम वाचा.

जेवणाची वेळ त्यांची पाळा

तिथलं मुख्य जेवण दुपारी दोन ते चारच्या दरम्यान असतं. त्या वेळी साध्या खाणावळीत, म्हणजे ‘कोमेदोर’मध्ये, ‘कोमिदा कोरिदा’ मागा: सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि सरबत, सगळं एका ठरलेल्या भावात. आपल्या राइस प्लेटसारखं. रात्री आठला मोठं जेवण शोधलंत तर पर्यटकांसाठीच्या हॉटेलांतच जावं लागेल. जेवण झाल्यावर वेटर आपणहून बिल आणत नाही. आणणं उद्धटपणाचं मानतात. ‘ला कुएन्ता, पोर फावोर’ म्हणायचं आणि दहा-पंधरा टक्के टीप ठेवायची. शेजारच्या टेबलावरून उठणारा माणूस तुम्हाला ‘प्रोवेचो’ म्हणेल. सावकाश होऊ द्या, असा त्याचा भाव. तुम्हीही म्हणा.

पुएर्तो एस्कोन्दिदो: दोन दिवस

पहाटे प्लाया प्रिन्सिपालवर जा. रात्रभर समुद्रात असलेल्या होड्या तेव्हा परततात. कोळी इंजिन पूर्ण वेगात ठेवून होडी थेट वाळूवर चढवतात, त्यामुळे समोरून बाजूला उभे राहा. तिथून वरच्या गावातल्या बेनितो हुआरेस मंडईत चाला आणि फळांपासून सुरुवात करा. आंब्याच्या फोडींवर लिंबू पिळून लाल तिखट भुरभुरतात. ‘मानिला’ जातीचा आंबा मिळाला तर आवर्जून घ्या. त्याच्या नावात मानिला ते आकापुल्को अडीचशे वर्षं चाललेल्या स्पॅनिश जहाजांची आठवण आहे. ‘चिकोसापोते’ असं लिहिलेलं तपकिरी फळ दिसलं तर ओळख द्या, तो आपला चिकू. फळ तिथलं आणि नावही तिथलंच, नाहुआत्ल भाषेतून आलेलं.

सरबतांत ‘खामाइका’ म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं, ‘तामारिन्दो’ म्हणजे चिंचेचं आणि ‘ओर्चाता’ म्हणजे तांदूळ-दालचिनीचं. नळाचं पाणी मात्र कुणीच पीत नाही, स्थानिकही नाहीत. मध्ये भोक असलेले नळकांडीसारखे बर्फाचे तुकडे कारखान्यात शुद्ध पाण्यापासून बनतात, ते चालतात. शहाळंवाल्याकडे पाणी पिऊन झाल्यावर नारळ परत द्या. तो मलई कापून तिच्यावर लिंबू, मीठ आणि तिखट घालून देतो. कोकणात शहाळी पिऊन वाढलेल्या मला हे कधी सुचलं नव्हतं. आता मी घरीही असंच खाते.

पोहायला कारिसालियो. दीडशेहून जास्त पायऱ्या उतरून जावं लागतं, पण खाली शांत, हिरवटनिळी खाडी आहे. सिकातेला हा किनारा मात्र फक्त बघण्यासाठी. तिथल्या लाटा जगभरच्या सर्फरना खेचून आणतात आणि चांगल्या पोहणाऱ्यालाही आत ओढून नेतात. गुडघाभर पाण्यातही जाऊ नका.

संध्याकाळी त्लायुदा खा. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याची ताटाएवढी पातळ भाकरी, तिच्यावर घेवड्याचा लगदा आणि ‘केसियो’ हे दोऱ्यांसारखं सुटणारं चीज. निखाऱ्यावर कुरकुरीत करून देतात. इथे शाकाहारी मंडळींनी जपायला हवं. भाकरीला सगळ्यात आधी ‘असिएन्तो’ फासतात आणि ती डुकराची चरबी असते. घेवडाही बहुधा चरबीतच, म्हणजे ‘मान्तेका’त परतलेला असतो. म्हणून ‘सिन असिएन्तो, सिन मान्तेका’ हे शब्द पाठ करा. नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून भागत नाही, कारण ‘कार्ने’ म्हणजे लाल मांस असंच तिथे समजतात. कोंबडी आणि मासे वेगळे. ‘नि पोयो, नि पेस्कादो’ जोडा. मांस खाणाऱ्यांसाठी: ‘तासाखो’ गाईचं, ‘सेसिना’ डुकराचं.

सोबत मेस्काल घेतलात तर एका घोटात रिकामा करू नका. जमिनीतल्या खड्ड्यात भाजलेल्या घायपाताच्या जातीच्या वनस्पतीची ही दारू आहे. झाड तयार व्हायलाच सात-आठ वर्षं लागतात. जीभ ओली होईल इतकाच घोट, मग संत्र्याची फोड. संत्र्यावरच्या तांबूस मिठात वाटलेली अळी असते, हे आधी माहीत असलेलं बरं.

सरोवरं: एक रात्र, एक दिवस

मानियाल्तेपेक सरोवर शहराच्या पश्चिमेला अर्ध्या तासावर आहे. अमावास्येच्या आसपासची रात्र धरा. पाण्यात हात फिरवला की सूक्ष्म जीवांमुळे निळसर उजेड उमटतो. चंद्र असेल तर काही दिसत नाही, त्यामुळे पैसे भरण्याआधी तिथी बघा. पाण्यात उतरणार असाल तर अंगाला डासांचं मलम लावू नका.

दुसरा दिवस चाकावा सरोवराला द्या. 1937 पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. होडीने खारफुटीतून गेलं की आफ्रिकी वंशाच्या मेक्सिकन लोकांचं गाव लागतं. त्यांच्या पूर्वजांना गुलाम म्हणून आणलं होतं, आणि या समाजाला देशाच्या राज्यघटनेत स्थान मिळायला 2019 साल उजाडलं. त्यांच्याच हातचं ‘तिचिन्दा’चं तामाल खा. तिचिन्दा म्हणजे खारफुटीच्या मुळांना चिकटणारे छोटे शिनाणे. मक्याच्या पिठात शिंपल्यासकट घालून उकडतात, त्यामुळे सावकाश चावा. मालवण-रत्नागिरीकडच्या माणसाला ही चव परकी वाटणार नाही.

मासुंते: घाई नको

मला हा किनारा आवडतो तो मुख्यतः मासुंतेमुळे. एकेकाळी या भागाचं पोट कासवांच्या कत्तलीवर चालायचं. 1990 मध्ये मेक्सिकोने बंदी घातली आणि गावांची रोजी एका फटक्यात गेली. पुढे तिथे कासव केंद्र उभं राहिलं, गावकऱ्यांनी सौंदर्यप्रसाधनांची सहकारी संस्था काढली आणि घरं पाहुण्यांसाठी उघडली. केंद्र बघा, साबण तिथूनच घ्या. जवळच्या एस्कोबिया किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंच्या संख्येने एकदम वर येतात. आपल्या वेळासला येतात तीच जात. तिथे मनाने जाऊ नका. परवानगी असलेल्या स्थानिक वाटाड्यासोबतच जा, टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवा. कुणी चोरून कासवाची अंडी खायला देऊ केली तर स्पष्ट नाही म्हणा.

सकाळी ला व्हेन्तानियात वल्ह्यांच्या होडीतून मगरी आणि बगळे बघा. 1997 च्या पाउलिना वादळात तिथली खारफुटी उद्ध्वस्त झाली होती, गावाने ती पुन्हा लावली. संध्याकाळी पुन्ता कोमेताच्या टोकाला चालत जा, अर्धा तास पुरतो. भूशिर समुद्रात इतकं आत घुसलेलं आहे की हिवाळ्यात उगवता आणि मावळता, दोन्ही सूर्य पाण्यावर दिसतात.

मासा खायला ‘पालापा’, म्हणजे झावळ्यांनी शाकारलेलं वाळूतलं हॉटेल. आधी आजचा मासा दाखवायला सांगा आणि किंमत नगावर की किलोवर ते विचारा. तांबोशीच्या कुळातला ‘वाचिनांगो’ अख्खा मागवा: लसणीचा हवा असेल तर ‘आल मोखो दे आखो’, झणझणीत हवा असेल तर ‘आ ला दियाब्ला’. शेजारच्या सिपोलितेला कुटुंबासह जाणार असाल तर एवढं माहीत असू द्या की तिथे विवस्त्र वावरायला मुभा आहे. कॅमेरा पिशवीत ठेवा. पाण्याची ओढही तिथे फार वाईट आहे.

वातुल्को: शेवटचा दिवस पाण्यावर

नऊ खाड्या, मोठी हॉटेलं, आखीव रस्ते. गाव म्हणून मला ते तितकं भावलं नाही, पण सान्ता क्रूसच्या धक्क्यावरून मिळणारी होडी चुकवू नका. काही खाड्या 1998 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय उद्यानात आहेत आणि त्यांतल्या काहींपर्यंत समुद्रातूनच सहज पोहोचता येतं. ला एन्त्रेगाला उतरा, मुखवटा लावून प्रवाळ बघा. प्रवाळावर पाय ठेवू नका. ‘एन्त्रेगा’ म्हणजे स्वाधीन करणं. 1831 मध्ये व्हिसेन्ते गेरेरो या माजी राष्ट्राध्यक्षाला दगा देऊन इथेच शत्रूच्या हवाली केलं आणि महिन्याभरात त्याला गोळ्या घातल्या. हा माणूस आफ्रिकी वंशाचा होता आणि 1829 मध्ये त्यानेच मेक्सिकोतली गुलामगिरी रद्द केली होती. चाकावात जेवून आलेल्याने या वाळूवर थोडा वेळ बसावं.

परतताना वातुल्कोच्या ला क्रुसेसिता गावात कॉफी प्या आणि पिशवीभर घेऊन या. दाणे ‘प्लुमा’चेच मागा. मागच्या डोंगरातलं प्लुमा इदाल्गो हे तिचं गाव. दळून हवी असेल तर ‘मोलिदो’ म्हणा, पण दाणेच आणलेत तर घरी दळताना सुवास जास्त दिवस पुरेल.