सव्वासातची भूक कशी सांभाळायची

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका बेदाण्याच्या अडतीत हिशेब लिहिते. 21 वर्षं झाली. सौद्याच्या, म्हणजे लिलावाच्या दिवशी टेबलावर नमुने मांडलेले असतात, हिरवा, पिवळा, काळा. जाता-येता चिमूटभर, मूठभर तोंडात टाकणं याला आमच्याकडे कुणी खाणं म्हणत नाही. मीही म्हणत नव्हते. तीन वर्षांपूर्वी एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, 7.4 आली (6.5 पासून मधुमेह धरतात) आणि डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसभरात काय काय खाता?" तेव्हा भाकरी, भाजी, आमटी, थोडा भात असं सांगून मी मोकळी झाले. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त दिवसभराचा बेदाणा आणि संध्याकाळचा भडंगाचा डबा त्यात नव्हता.

एक छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, मधे काकडी, रात्री सूप. अकरा दिवस पाळला. बाराव्या दिवशी दुकानात एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकल्या मालाच्या हिशेबाच्या कागदात, आकडा चुकला, चूक माझी नव्हती, पण बोलणी मी खाल्ली. घरी आले, स्वयंपाकघरात फरशीवर बसले आणि दिवासुद्धा न लावता भडंगाचा निम्मा पुडा संपवला. हे लिहिताना आजही ओशाळायला होतं. पण वाचताना ज्यांना आपलंच वाटेल त्यांच्यासाठीच लिहितेय.

त्यानंतर बरंच काही करून बघितलं. टिकलं ते सांगते. माझ्या गोळ्या चालू आहेत, त्या यातल्या कशानं सुटलेल्या नाहीत. तुम्ही गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल तर जेवण चुकवायचे प्रयोग करू नका, साखर एकदम खाली जाऊ शकते. आणि खाणं हाताबाहेरच जात असेल, लपूनछपून पोट दुखेपर्यंत खाऊन नंतर उलट्या काढण्यापर्यंत वेळ येत असेल, तर माझं लिखाण बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना सांगा.

पहिलं काम, रोजमेळ

हिशेबनीस बाईला दुसरं काय सुचणार! पण काम याच वहीनं केलं. कॅलरी लिहायच्या नाहीत. चार रकाने आखायचे: किती वाजता, काय, त्याच्या आधी काय झालं होतं, आणि खाताना सोबत कोण होतं. पंधरा दिवस लिहा. स्वतःला रागवायचं नाही, खर्चाच्या बाजूला जे पडलं ते पडलं.

माझ्या वहीत पंधरापैकी अकरा दिवस एकच नोंद निघाली. यार्डातून आल्यावर सव्वासात, भडंग, कुणी नाही. तिसरा रकाना बदलत होता: कधी भांडण, कधी नुसता कंटाळा, एकदा तर चांगली बातमी होती. चौथा रकाना मात्र बदलतच नव्हता. मुलगी पुण्याला. नवऱ्याची कारखान्यात दुसरी पाळी, तो येणार रात्री साडेअकराला. आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. त्या असताना मी घरी यायच्या वेळेला परातीत भडंग कालवून ठेवायच्या. कांदा चिरलेला, वर कोथिंबीर. दोघी पुढच्या कट्ट्यावर बसायचो, एका परातीत दोन हात. मला त्या दोन मिनिटंसुद्धा गप्प बसू द्यायच्या नाहीत.

मला वाटत होतं मला तेल-तिखटाची चटक आहे. वहीत दिसत होतं ते वेगळंच.

दुसरं, शिळ्या भाकरीला विचारा

काही खावंसं वाटलं की मी मनातल्या मनात स्वतःपुढे अर्धी शिळी भाकरी आणि दही ठेवते. "हे खाशील का?" उत्तर हो आलं तर खरी भूक. मग उगाच काकडी चघळत बसायचं नाही, भाकरी-दही खायचं. "नको, मला भडंगच पाहिजे," असं उत्तर आलं तर भूक पोटाची नाही. पोटाची भूक हळूहळू चढते आणि मिळेल त्यावर भागते. ही दुसरी एकदम येते आणि नाव घेऊन मागते.

दुसरी भूक आली म्हणजे खायचं नाही असं मी म्हणत नाही. मला तो उपदेश पटत नाही. आपण मोसंबीचा रस घेऊन आजाऱ्याला भेटायला जातो, बाळंतिणीला डिंकाचे लाडू करतो, सुतकाच्या घरी शेजारचे पिठलं-भात पोचवतात. मनासाठी खाणं आपल्यात पूर्वापार आहे. फक्त त्या वेळी समोर कुणीतरी बसलेलं असतं.

तिसरं, त्या पदार्थात नेमकं काय पाहिजे ते शोधा

इथे जरा वेळ घालवा. भडंगातलं मला नक्की काय पाहिजे होतं? मी एकेक काढून बघितलं. मऊ पडलेलं भडंग खाल्लं, मजा नाही. लसणाशिवाय केलं, मजा नाही. पिठीसाखर काढली, आठवडाभर चुकल्यासारखं वाटलं, मग विसरले. तेल निम्म्यावर आणलं, कळलंसुद्धा नाही. म्हणजे माझा जीव कुरकुरीतपणात आणि लसणाच्या वासात होता, बाकीचं नुसतं बरोबर आलेलं होतं.

आता घरी करते ते असं. भडंगाचे जाड चुरमुरे 100 ग्रॅम, कोरड्या कढईत मंद आचेवर कडक करून घ्यायचे. चार चहाचे चमचे तेल (एका चमच्यात चाळीस-पंचेचाळीस कॅलरी असतात, म्हणून मोजून, बुधलीनं ओतायची सवय मला मोडावी लागली). त्यात लसणाचा एक अख्खा गड्डा सालासकट ठेचून, लाल होईपर्यंत. एक वाटी शेंगदाणे, अर्धी वाटी फुटाण्याची डाळ, मूठभर कढीपत्ता, हळद, मीठ, कांदा-लसूण मसाला. गॅस बंद करून चुरमुरे टाकायचे, नाहीतर मसाला करपतो. चुरमुरा म्हणजे शेवटी फुलवलेला तांदूळ, पटकन पचतो आणि साखर पटकन चढवतो. शेंगदाणा-डाळीनं तो वेग कमी होतो आणि पोटालाही आधार राहतो. शेंगदाणा काही हलका नाही हे ध्यानात ठेवा, 100 ग्रॅमला साडेपाचशेच्या वर कॅलरी. खाताना एक वाटी भडंगात एक वाटी कांदा, काकडी आणि वाफवलेली मोडाची मटकी.

डबा मांडीवर घ्यायचा नाही. वाटीत काढायचं, डबा फडताळात, मग बसायचं. सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त फरक या फालतू वाटणाऱ्या गोष्टीनं पडला.

तुमचं भडंग नसेल, मऊ गरम भात-तूप असेल. मग तुम्हाला मऊपणा पाहिजे की ऊब, की मेतकुटाचा वास? ऊब आणि मऊपणा असेल तर ज्वारीच्या कण्या करून बघा. आमच्या माहेरी, कवठेमहांकाळकडे, आजारी माणसाला भाताआधी कण्या मिळायच्या. ज्वारीचा भरडा धुऊन पाण्यात मीठ घालून चांगला शिजवायचा, ताटात घेऊन वर ताजं ताक, तोंडी लावायला कांदा. तांदळापेक्षा ज्वारीत चोथा बराच जास्त, त्यामुळे साखर सावकाश चढते. पण वाडगाभर कण्यांवर वाडगाभर भात असं नको, मी ते केलेलं आहे.

आणि ज्यांना झणझणीत, रसरशीत, नाकातून पाणी काढणारं काही पाहिजे असतं त्यांच्यासाठी शेंगोळी. यासारखं सुख नाही. दोन वाट्या हुलग्याचं पीठ, दोन-तीन चमचे ज्वारीचं, दहा-बारा लसूण पाकळ्या आणि जिरं वाटून, तिखट, हळद, मीठ, घट्ट मळायचं. तळहातावर लांब वळी करून त्यांची कडी वळायची. दोन चमचे तेलाची फोडणी, त्यावर सहा वाट्या पाणी, पाणी खळखळ उकळल्यावरच एकेक शेंगोळं सोडायचं, आधी सोडलंत तर विरघळून पिठलं होतं. वीस-पंचवीस मिनिटं शिजवायचं. मळलेल्या पिठातला लिंबाएवढा गोळा पाण्यात कालवून शेवटी ओतला की रस दाट होतो. हुलग्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रथिनं. नवरा शेंगोळी असली की भात मागत नाही, त्याला मी पथ्याचं जेवण वाढतेय हे अजून सांगितलेलं नाही.

काही गोष्टींना हात लावू नका

मुलीनं एका होळीला बिनसाखरेची, कसलीशी गोड पूड घातलेली पुरणपोळी करायला लावली. खाल्ली. जिभेवर थंडगार चव राहिली आणि मन भरलं नाही, मग शेजारून आलेल्या दोन खऱ्या खाल्ल्या. म्हणजे तीन! तेव्हापासून ठरवलं, पुरणपोळी आत्याबाई करायच्या तशीच, चण्याची डाळ, गूळ, जायफळ, वर तूप. एकच, ताटात, सणाच्या दिवशी, आधी कटाची आमटी आणि कोशिंबीर पोटभर. भात त्या दिवशी नाही. नंतर सरकारी घाटापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालून यायचं, जेवणानंतर चाललं की साखर कमी उसळते. बिनतेलाची भरली वांगीही मी करून पाहिली. कृष्णाकाठच्या वांग्याचा इतका अपमान पुन्हा करणार नाही.

गूळ मात्र औषध समजू नका. आमच्याकडे "गूळच आहे, साखर कुठाय" असं म्हणत लोक चहात दोन खडे टाकतात. रक्ताला दोन्ही जवळपास सारखेच. बेदाण्याचंही तसंच, 30 ग्रॅमच्या मुठीत चार चमचे साखरेइतका गोडवा असतो. फळ वाळवल्यानं पाणी जातं, साखर जागेवर राहते. दुकानात मी आता नमुन्याच्या टेबलाकडे पाठ करून बसते. इच्छाशक्तीपेक्षा खुर्ची फिरवणं सोपं गेलं. दुपारी चहाबरोबर मोजून दहा-बारा दाणे घेते, एकेक.

अवघड दिवसांची तयारी आधी

वही वर्षभर चालू ठेवली तेव्हा आणखी एक दिसलं. जुलै-ऑगस्टमध्ये माझं खाणं दुप्पट होतं. आमचं घर गावभागात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं आणि आम्ही आत्याबाईंना खुर्चीत बसवून बाहेर काढलं. तेव्हापासून फोनवर 30 फुटांचा निरोप आला तरी हात डब्याकडे जातो. सामान वर चढवायचं, कागदपत्रं पिशवीत भरायची आणि मधेमधे खात राहायचं.

त्या भीतीला वाटीभर भडंग पुरत नाही, हे मला दोन पावसाळे घालवून कळलं. तिला हातात गरम काहीतरी लागतं. म्हणून मे महिन्यातच हुलगे भाजून गिरणीतून दळून आणते. पावसात दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवायचं, उकळत्या पाण्यात सोडून ढवळायचं, सुंठ, मीठ, सुपारीएवढा गूळ. झालं माडगं. पेला दोन्ही हातांत धरून पायरीवर बसायचं. पाण्याची पातळी त्यानं उतरत नाही, पण पुढचा अर्धा तास माझा हात डब्यात जात नाही. तुमच्या घरचा पूर वेगळा असेल, मुलांच्या परीक्षा, वर्षश्राद्धाचा महिना, मार्चअखेर. वहीत बघा आणि त्याच्या आधी पीठ दळून ठेवा.

चौथा रकाना

याला पाककृती नाही. मला संकोच झाला म्हणून मी हे सगळ्यात शेवटी केलं, खरं तर आधी करायला हवं होतं. शेजारच्या आक्का एकट्याच असतात. त्यांनीच एकदा हटकलं, "काय गं, सातला दार लावून आत काय करतीस?" मी खरं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग हितं बस की. मी बी एकटीच चहा पिते."

आता सव्वासातला दोन वाट्या घेऊन कट्ट्यावर जाते. आक्कांना दात कमी, त्यांच्या वाटीत शेंगदाण्याचा कूट. मागचा एचबीएवनसी 6.7 होता, त्याच्या आधी दिवाळीनंतर 7 ला जाऊन आला. डबा मांडीवर घेऊन बसलेली संध्याकाळ अजूनही महिन्यातून एखादी येते, ती वहीत लिहिते.

परवा सौदे लांबले, यायला साडेआठ झाले. पाऊस पडून गेला होता. कट्ट्यावर ताटलीखाली झाकलेली वाटी होती, आक्कांच्या घरची. ताटलीखालून पाणी गेलेलं, भडंग पार मऊ पडलेलं, लसूण तर घालायलाच विसरल्या होत्या. उभ्या उभ्याच सगळं खाल्लं आणि वाटी द्यायला त्यांचं दार वाजवलं.