दोन कॉम्प्युटर, एक फोल्डर: ड्रॉपबॉक्स सिंक नीट कसं लावावं

घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचा पीसी, दोन्हीकडे तीच फाइल ताजी हवी असेल तर ड्रॉपबॉक्स ही इंटरनेटवर फाइली ठेवून त्या सगळ्या मशीनवर सारख्या ठेवणारी (म्हणजेच सिंक करणारी) सेवा पुरते. फुकट खात्यात 2 जीबी जागा आणि 3 उपकरणांची मर्यादा. मोबाइलही त्यात धरला जातो.

1. फाइलींची एक प्रत आधी पेनड्राइव्हवर काढून ठेवा.
2. ज्या मशीनवर ताज्या फाइली आहेत तिथे ॲप टाका आणि फाइली ड्रॉपबॉक्स फोल्डरमध्ये हलवा.
3. घड्याळाजवळच्या ड्रॉपबॉक्सच्या चिन्हावर क्लिक करून सगळं अपलोड झाल्याची खात्री करा.
4. मगच दुसऱ्या मशीनवर त्याच खात्याने लॉगिन करा. तिथला फोल्डर रिकामाच ठेवा, फाइली आपोआप उतरतील.

ॲप प्रत्येक फाइलचे 4 एमबीपर्यंतचे तुकडे करतं, तुकड्यागणिक हॅश (मजकुरावरून काढलेली ओळखखूण) काढतं आणि सर्व्हरकडे नसलेले तुकडेच पाठवतं. त्यामुळे 100 एमबीच्या फाइलच्या शेवटी चार ओळी वाढल्या तर बहुधा शेवटचा तुकडाच जातो. फाइल मधोमध बदलून पुढचं सगळं सरकलं, की हा फायदा बराचसा जातो.

घोळ होतो तो लॅपटॉप घाईत मिटल्यामुळे. अपलोड अर्धवट राहतं, ऑफिसात जुनीच फाइल उघडते, तिच्यात बदल होतात. संध्याकाळी लॅपटॉप नेटवर आला की एका फाइलच्या दोन होतात. एकीच्या नावात 'कॉन्फ्लिक्टेड कॉपी' असं लिहिलेलं असतं. ड्रॉपबॉक्स मजकूर जुळवून देत नाही, ते काम आपलं. वर्डची फाइल असेल तर 'रिव्ह्यू'मधलं 'कम्पेअर' वापरा आणि जुळवून झाल्यावरच नको ती प्रत काढा.

टॅलीचा चालू डेटा आणि आउटलुकची पीएसटी फाइल (जिच्यात ईमेल साठवलेले असतात) या फोल्डरात अजिबात ठेवू नका. टॅलीचा डेटा अनेक फाइलींत विभागलेला असतो. काही नव्या, काही जुन्या पोहोचल्या की तो उघडेलच याचा भरवसा नाही. पीएसटी तर आउटलुक चालू असेपर्यंत लॉक असते. टॅलीचा बॅकअप घेऊन तयार झालेली फाइल खुशाल ठेवा.

लॅपटॉपवरची जागा मोकळी करायला फाइली डिलीट केल्यात तर त्या ऑफिसातूनही जातील. फुकट खात्यात 30 दिवसांच्या आत वेबसाइटवरच्या 'डिलीटेड फाइल्स'मधून त्या परत आणता येतात. जागाच हवी असेल तर ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'सिलेक्टिव्ह सिंक' उघडून त्या फोल्डरची टिक काढा: या मशीनवरून तो जाईल, बाकी सगळीकडे राहील.