मोहफुलांपासून रोवणीपर्यंत: गडचिरोलीच्या शेतकऱ्यांसाठी भूसुरुंगांबाबत हंगामी सल्ला

मार्चअखेरीस मोह गळू लागतो, मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी होते आणि मृगाच्या पावसाबरोबर धानाच्या बांध्यांत पऱ्ह्यांची (रोवणीसाठीच्या रोपांची) तयारी सुरू होते. एटापल्ली, भामरागड, धानोरा, कोरची, कुरखेडा या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबांचे जंगलात जाणे या काळात वर्षभरात सर्वांत जास्त असते. सशस्त्र संघर्षाच्या चार दशकांत याच जंगलांत आणि रस्त्यांखाली स्फोटके पुरली गेली आहेत. 15 ऑक्टोबर 2025 रोजी माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो योग्यच होता. मात्र पुरलेला सुरुंग शरण येत नाही. बंदुका शांत झाल्या म्हणून यंदा कधी न गेलेल्या भागात तोडणीला जाण्याचा मोह होईल, म्हणूनच या हंगामात नेहमीपेक्षा अधिक सावध राहण्याची गरज आहे.

शेजारच्या छत्तीसगडमधील बीजापूर आणि सुकमा जिल्ह्यांत मोह किंवा तेंदू गोळा करायला गेलेल्या ग्रामस्थांचा पाय सुरुंगावर पडून मृत्यू झाल्याच्या घटना घडल्या आहेत. त्या माणसांचा संघर्षाशी काही संबंध नव्हता. छत्तीसगड आणि तेलंगणाच्या सीमेवरील कर्रेगुट्टा डोंगरात एप्रिल-मे 2025 मध्ये झालेल्या मोहिमेत सुरक्षा दलांना 450 आयईडी (हाताने बनवलेली स्फोटके) सापडले. एकाच डोंगररांगेतला हा आकडा पाहिला, तर आपल्या गावाच्या शिवारातही एखादा राहिला असेल असे धरून चालणेच शहाणपणाचे ठरते.

या भागात मुख्यतः दोन प्रकारची स्फोटके वापरली गेली. पहिला प्रकार रस्त्याखाली, मोरीत किंवा रपट्याखाली पुरलेल्या मोठ्या सुरुंगाचा असतो आणि तो लांब बसलेला माणूस वायरीच्या साहाय्याने उडवतो. 1 मे 2019 रोजी कुरखेडा तालुक्यातील जांभूळखेड्याजवळ अशाच स्फोटात 15 पोलीस आणि त्यांच्या खासगी वाहनाचा चालक ठार झाले. दुसरा प्रकार पायाच्या दाबाने फुटतो. तो पायवाटेवर, पाणवठ्याजवळ, टेकडीच्या चढावर किंवा जवान विसाव्याला थांबतील अशा सावलीच्या झाडाखाली पुरलेला असतो. त्याला कुणी बटण दाबावे लागत नाही आणि वर्दीतला पाय व अनवाणी पाय यांतला फरकही त्याला कळत नाही. शेतकऱ्याला खरा धोका या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

डिसेंबर 2001 नंतर पंजाब आणि राजस्थानच्या सीमेवरील शेतांमध्ये सैन्याने सुरुंग पेरले होते. त्यांची नोंद ठेवलेली होती, तरीही ते काढताना आणि काढल्यानंतर माणसे जखमी झाली. आपल्याकडच्या सुरुंगांचा असा सरकारी नकाशा नाही. कोणी, कुठे, कधी पुरले हे पुरणाऱ्यांनाच ठाऊक असते, आणि त्यांतील काही जण आज शरण येऊन पुनर्वसनात आहेत. त्यांच्याकडून आपल्या शिवाराविषयी माहिती घ्यावी, अशी लेखी मागणी ग्रामसभेने ठराव करून पोलीस अधीक्षकांकडे जरूर करावी. अशा ठरावाला खर्च काही नाही आणि त्यातून एखादी जागा जरी कळली तरी बैठक सार्थकी लागली.

हंगाम सुरू होण्यापूर्वी ग्रामसभेची एक बैठक केवळ याच विषयावर गोटूलमध्ये (गावाच्या सामूहिक घरात) किंवा शाळेत घ्यावी. आदिवासी भागांतील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्यामुळे तेंदूचा लिलाव करण्याचा अधिकार ज्या ग्रामसभांकडे आला आहे, त्यांनी फळी (पाने गोळा करण्याचे केंद्र) कुठे लागणार हे ठरवताना कोणत्या पट्ट्यात तोडणी करायची आणि कोणता पट्टा यंदा सोडायचा हेही त्याच वेळी ठरवावे. बैठक माडिया किंवा गोंडीत घ्यावी, कारण मराठीतले सूचनाफलक वाचून मान डोलावणाऱ्या म्हाताऱ्या बाईला नेमके काय टाळायचे हे अनेकदा कळलेले नसते. गुराख्यांना बैठकीत आवर्जून बोलवावे. कोणत्या वाटेवर पूर्वी स्फोट झाला, कुठे जनावर मेले, कुठे दलम (माओवाद्यांचे सशस्त्र पथक) मुक्काम करत असे हे त्यांना इतर कुणापेक्षा जास्त माहीत असते. त्यांच्या सांगण्यावरून जमिनीवर चुन्याने शिवाराचा साधा नकाशा काढून सर्वांना दाखवावा.

मोहाच्या बाबतीत मुख्य धोका आगीचा आहे. फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळण्याची पद्धत आहे, आणि ती आग बरेचदा झाडाखाली न थांबता जंगलात पसरते. जमिनीत वरच्या थरात डेटोनेटर असेल तर त्या धगीने तो फुटू शकतो. वणव्याने जंगलाचे नुकसान होते हे वनविभाग दरवर्षी सांगतोच. येथे जीव वाचवण्यासाठीही पाला न जाळता खराट्याने झाडून एका बाजूला करावा आणि झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरावी. झाड वर्षानुवर्षे आपल्याच कुटुंबाचे असेल आणि त्याच्याकडे रोजची वाट जात असेल, तर तेथे धोका कमी असतो. नवे झाड शोधण्यासाठी भल्या पहाटेच्या अंधारात आत शिरू नये. फुले तासभर उशिरा वेचली तरी चालतात.

तेंदूची गोष्ट अधिक अवघड आहे, कारण पाने तोडणारा माणूस वाटेने चालतच नाही. एका झुडपाकडून दुसऱ्याकडे जाताना तो नकळत आडरानात जातो आणि नजर खाली नसून पानांवर असते. पुडक्यांवर मजुरी मिळत असल्याने घाई असतेच. त्यामुळे तोडणीला एकट्याने जाऊ नये, चार-पाच जणांनी मिळून जावे आणि गेल्या वर्षी तोडणी झालेला पट्टाच आधी घ्यावा. दाट पानगळीत पायाखालची जमीन दिसत नाही, म्हणून काठीने पाला उचकटून पाहण्याचा सल्ला काही जण देतात. तो अत्यंत धोकादायक आहे. जमीन टोचून किंवा उकरून काहीही शोधू नये. जुनी सोडून दिलेली मुक्कामाची जागा, चुलीचे दगड, खंदकासारखा खड्डा, चकमकीची जागा आणि टेकडीचा माथा या ठिकाणी पान कितीही चांगले असले तरी जाऊ नये.

पावसाळ्यात धोक्याचे स्वरूप बदलते. पहिल्या दोन-तीन मोठ्या सरींनंतर माती धुपते आणि पुरलेली वस्तू उघडी पडते. कधी एखाद्या वायरीचे टोक दिसते, कधी स्टीलच्या डब्याचे झाकण, कधी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला प्रेशर कुकर. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या पुरानंतर नदीकाठच्या शेतात वाहून आलेली कोणतीही बंद वस्तू ओळखीची वाटली तरी हातात घेऊ नये. वनहक्काच्या पट्ट्यावर पहिल्यांदाच नांगर किंवा ट्रॅक्टर घालायचा असेल, तसेच रस्त्याकडेचा मुरूम उचलून बांध घालायचा असेल, तर आधी पोलीस मदत केंद्राला कळवून जागा तपासून घ्यावी. ओलावा लागला म्हणजे स्फोटक निकामी झाले, ही समजूत चुकीची आहे. उलट जुना सुरुंग कसा वागेल याचा भरवसा तज्ज्ञांनाही देता येत नाही.

28 जुलै ते 3 ऑगस्ट हा माओवाद्यांचा शहीद सप्ताह ऐन रोवणीत येतो. या काळात पूर्वी रस्त्यावर लाकडे आडवी टाकणे, बॅनर बांधणे, पत्रके लावणे असे प्रकार होत असत, आणि काही ठिकाणी बॅनर किंवा पुतळा हलवताच फुटेल अशी स्फोटके त्यांना जोडलेली आढळली आहेत. रोवणीला जाणाऱ्या टोळीने असा बॅनर किंवा आडवे झाड दिसताच ते बाजूला करण्याचा प्रयत्न न करता माघारी फिरावे. एक दिवसाची रोवणी बुडाल्याने पीक जात नाही.

संशयास्पद वस्तू दिसली तर पहिली गोष्ट म्हणजे जागेवर थांबावे आणि मागच्यांना मोठ्याने हाक देऊन थांबवावे. एक वस्तू दिसली म्हणजे आजूबाजूला आणखी असू शकतात. आपण आलो त्या पावलांच्या खुणा स्पष्ट दिसत असतील तर त्यांवरच पाय ठेवत मागे यावे. पानगळीत खुणा दिसत नसतील तर हलू नये आणि मदतीची वाट पाहावी. मोबाइलवरून फोन करायचा तो त्या वस्तूपासून दूर आल्यावर, टेकाडाच्या किंवा मोठ्या खडकाच्या आड उभे राहून करावा. जागा लक्षात राहावी म्हणून जमिनीत खुंटी ठोकू नये. सुरक्षित वाटेवरच्या झाडाच्या खोडाला चुन्याने दोन पट्टे ओढावेत आणि वाटेवर फांद्या आडव्या टाकाव्यात. लाल कापड बांधण्याचा सल्ला पुस्तकांत असतो, परंतु आपल्याकडे लाल कापडाचा अर्थ वेगळा लागतो, चुना बरा. मात्र ही खूण काय सांगते हे सर्व गावाला, आणि शेजारच्या गावालाही, आधी माहीत हवे.

यानंतर 112 क्रमांकावर किंवा जवळच्या पोलीस मदत केंद्रात कळवावे. वस्तू निकामी करण्याचे काम बॉम्ब शोधक व नाशक पथकाचे आहे. हे लिहिणे सोपे आहे आणि गावात करणे कठीण, हे मान्य केले पाहिजे. माहिती देणारा खबऱ्या ठरेल अशी भीती आणि माहिती देणाऱ्यालाच आधी चौकशीला बसवतील अशी दुसरी भीती, या दोन्हींमुळे माणसे वर्षानुवर्षे गप्प राहिली. म्हणून माहिती एका व्यक्तीच्या नावाने देऊ नये. ज्याने वस्तू पाहिली त्याने गावपाटील, भुमिया (गावचा पारंपरिक प्रमुख) किंवा ग्रामसभेच्या अध्यक्षाला सांगावे आणि पाच-सहा जणांनी मिळून ग्रामसभेच्या नावाने कळवावे. पोलिसांनीही सापडलेल्या वस्तूची बातमी देताना माहिती देणाऱ्याचे गाव किंवा नाव जाहीर करू नये, ही अपेक्षा ग्रामसभेने स्पष्ट शब्दांत मांडावी.

मे महिन्यात आश्रमशाळांना सुटी लागते आणि मुले गावी येतात. मुलांना सर्वांत मोठे आकर्षण भंगाराचे असते. वायर जाळून तांबे काढायचे, रिकामा डबा विकायचा, हे त्यांना नवे नसते. भंगार घेणारा गावात येतो त्यालाही ग्रामसभेने बजावावे की जंगलातून आलेली वायर, डबा, पाइप तो विकत घेणार नाही. गिऱ्हाईक नसले की मुले उचलत नाहीत. मोठ्यांनीही सापडलेले स्फोटक विहिरीचा खडक फोडण्यासाठी किंवा डोहातले मासे मारण्यासाठी कामी येईल या विचाराने घरी आणू नये.

स्फोटात कुणी जखमी झाले तर धावत जवळ जाऊ नये, कारण दुसरा सुरुंग त्याच वाटेवर असू शकतो. जखमीशी बोलत राहावे, त्याला हलू नको असे सांगावे आणि शक्य असेल तर त्याला स्वतःच जखमेवर कापड दाबून धरायला लावावे. सुरक्षित वाटेने पोहोचता आल्यास रक्तस्रावावर घट्ट दाब द्यावा. पाय तुटला असेल आणि रक्त थांबत नसेल तर जखमेच्या वर रुंद कापड काठीने पिळून आवळावे व बांधल्याची वेळ लक्षात ठेवावी. पाणी किंवा दारू पाजू नये. 108 ची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंतच येते, म्हणून खाट आणि ती उचलणारे चौघे तोडणीच्या पट्ट्याजवळ कोण असतील हे रोज सकाळी ठरवून ठेवावे.

अशा स्फोटात नागरिकाचा मृत्यू झाल्यास किंवा 50 टक्के अथवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास केंद्र सरकारच्या नागरी पीडित साहाय्य योजनेतून 5 लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे आणि तिच्यात सुरुंग व आयईडी स्फोटांचा समावेश आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो. गुन्ह्याची नोंद, पंचनामा आणि वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्या प्रती कुटुंबाने मागून घेऊन स्वतःजवळ ठेवाव्यात. दुःखाच्या दिवसांत कागदांकडे कुणाचे लक्ष नसते, त्यामुळे हे काम ग्रामसभेच्या सचिवाने किंवा ग्रामरोजगार सेवकाने अंगावर घ्यावे.