खाऱ्या पाण्याच्या छोट्या टाकीची प्रकाशयोजना बदलताना

प्रवाळ मलूल दिसू लागले की खाऱ्या पाण्याची टाकी ठेवणाऱ्याला पहिल्यांदा दिव्याची शंका येते, आणि मग जास्तीत जास्त वॅटचा दिवा शोधण्याकडे मन धावते. मराठवाड्यात या मोहाला आवर घालावा लागतो. परभणी, नांदेड किंवा बीडमध्ये मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तर टाकीतले पाणी २४ ते २७ अंशांच्या दरम्यान राहावे लागते. त्यामुळे येथे दिवा निवडताना तो किती उजेड देतो याच्या आधी तो पाण्याला किती तापवतो आणि त्याचा उजेड आपल्याला किती कमी-जास्त करता येतो, हे पाहावे.

पुढील सर्व मजकूर माझ्या टाकीवर बेतलेला आहे. ही टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३५ रुंद व ३६ उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ७५ लिटरची आहे, आणि तिच्यावर २४ वॅटच्या दोन टी-५ नळ्यांची, म्हणजे बारीक ट्यूबलाइटची, पट्टी होती. दिवा बदलण्यापूर्वी दोन साध्या गोष्टी तपासाव्यात. वरच्या काचेवर साचलेली मिठाची खपली उजेडाचा मोठा वाटा अडवते, म्हणून ती कोमट आरओ पाण्याने पुसून काढावी. दुसरे म्हणजे नळ्यांचे वय पाहावे. टी-५ नळी डोळ्यांना ठीक वाटली तरी नऊ ते बारा महिन्यांत तिचा उजेड उतरतो आणि रंगही बदलतो. नळ्या वर्षापेक्षा जुन्या असतील, तर प्रवाळांचा दोष नाही आणि कदाचित पट्टीचाही नाही. मात्र या नळ्या आमच्याकडे मिळत नाहीत, मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा पुण्याहून मागवाव्या लागतात आणि वाटेत फुटतात. त्यामुळे एलईडीकडे वळणे येथे सोयीचे ठरते. विजेची बचत हे त्यामागचे कारण धरू नये, कारण ४८ वॅटच्या नळ्या रोज दहा तास जाळल्या तरी महिन्याला १४ ते १५ युनिटच होतात.

कोणते प्रवाळ ठेवायचे आहे, यावर दिव्याची ताकद ठरते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी सर्व कठीण प्रवाळे, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सी फॅन यांना संरक्षण आहे, तेव्हा दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी ती घरी आणू नयेत. झोअँथिड, मशरूम आणि लेदर या नावांनी ओळखली जाणारी मऊ शरीराची प्रवाळे सर्वसाधारणपणे ५० ते १२० मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा उजेड मोजण्याचे एकक) एवढ्या प्रकाशात समाधानाने वाढतात. अनेक कठीण प्रवाळांना लागणारा २०० ते ३५० चा प्रकाश आपल्याला नको आहे. तो ३५ सेंटिमीटर खोल टाकीत दिला तर या जिवांना अपायच होतो.

रंगाचा मुद्दा त्याहून महत्त्वाचा आहे. या प्रवाळांच्या शरीरात झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवाले राहतात आणि प्रकाशाच्या साहाय्याने अन्न तयार करून त्यातला वाटा यजमानाला देतात. समुद्राचे पाणी लाल प्रकाश वरच्या थरातच शोषून घेते, निळा मात्र खोलवर पोहोचतो. साहजिकच ही शैवाले ४२० ते ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या-जांभळ्या पट्ट्यात चांगले काम करतात. दिव्यात ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा रॉयल ब्लू भरपूर, ४२० चा जांभळा थोडा आणि डोळ्यांना बरे वाटावे एवढा पांढरा, अशी मांडणी हवी, आणि निळा व पांढरा यांची तीव्रता स्वतंत्रपणे कमी-जास्त करता आली पाहिजे. गोड्या पाण्यातील वनस्पतींसाठीचा लालसर एलईडी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये, त्याखाली प्रवाळांपेक्षा नको असलेले शेवाळ जोमाने वाढते.

या आकाराच्या टाकीला प्रत्यक्ष २५ ते ३० वॅट घेणारा एलईडी पुरतो. प्रत्यक्ष हा शब्द मुद्दाम वापरला आहे. बाजारात १६५ वॅट असे लिहिलेले काळे चौकोनी दिवे मिळतात. तो आकडा ३ वॅट क्षमतेचे ५५ एलईडी असा गुणाकार करून आलेला असतो आणि दिवा त्यापेक्षा बरीच कमी वीज घेतो. तरीही ७५ लिटरसाठी तो फार मोठाच असतो. प्लगमध्ये लावायचे छोटे वॅटमीटर जवळ असले की शंका राहत नाही. एलईडीवरचे उजेड पसरवणारे भिंग ९० ते १२० अंशांचे घ्यावे, कारण ६० अंशांच्या भिंगाने उथळ टाकीच्या मध्यभागी झळाळ पडते आणि कोपरे अंधारात राहतात.

दिवा पाण्यापासून २० ते २५ सेंटिमीटर वर असावा. टाकीच्या काठाला पकडणारा स्टँड सर्वांत सोपा. स्लॅबमध्ये फास्टनर ठोकून स्टीलच्या तारेने टांगला तर उंची हवी तशी बदलता येते. जुन्या वाड्यात माळवदाखाली टाकी असेल तर मात्र टांगण्याचा नाद सोडावा, कारण वरून झरणारी माती तारेच्या प्रत्येक धक्क्याबरोबर पाण्यात पडत राहते. एलईडीची उष्णता त्याच्या पाठीवरच्या धातूच्या पात्यांतून वर निघते, म्हणून दिव्याच्या वर हातभर मोकळी जागा सोडावी आणि त्याला लाकडी झाकणात कोंडू नये.

आपल्याकडे लाइट या शब्दाचा पहिला अर्थ वीज असा आहे, तेव्हा दिव्याबरोबर विजेचाही विचार करणे भाग आहे. खारे पाणी उत्तम वीजवाहक असते. प्रत्येक वायरीला सॉकेटच्या खाली झोल द्यावा, म्हणजे वायरीवरून ओघळणारे थेंब झोलापाशी गळून जमिनीवर पडतील आणि सॉकेटपर्यंत पोहोचणार नाहीत. टाकीचा बोर्ड ३० मिलिअँपियरच्या आरसीसीबीवर (विजेची गळती होताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचवर) घ्यावा आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून पाणी ओतावे लागते. इन्व्हर्टर असल्यास त्यावर पाणी खेळवणारा पंप द्यावा, दिवा देऊ नये. चार तासांच्या अंधाराने प्रवाळाचे काही बिघडत नाही, पण चार तास पाणी थांबले तर भर उन्हाळ्यात प्राणवायू कमी पडून मासे दगावू शकतात.

टायमर घेताना एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. गोल चकतीचा यांत्रिक टायमर वीज गेली की थांबतो आणि वीज आली की तेथूनच पुढे चालू होतो. रोज दोन तास वीज जात असेल तर सहा दिवसांत टाकीचा दिवस बारा तासांनी सरकतो. माझ्या टाकीत एकदा पहाटे तीन वाजता लख्ख उजेड होता, आणि ते मला पाणी प्यायला उठल्यामुळेच कळले. बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर थोडा महाग असला तरी तोच घ्यावा.

आता सर्वांत नाजूक भाग. नवा दिवा पहिल्या दिवशी पूर्ण तीव्रतेवर कधीही लावू नये. मी तसे केले होते. पहिल्या संध्याकाळी टाकी इतकी सुंदर दिसली की घरच्यांना बोलावून दाखवली. चौथ्या दिवशी झोअँथिड मिटले, दहाव्या दिवशी दोन मशरूम पांढरे पडले. प्रकाश अचानक वाढला की प्रवाळ आपल्यातील शैवाले बाहेर टाकते आणि त्याबरोबर आपले अन्नही गमावते. म्हणून पहिला आठवडा निळा ३० टक्के आणि पांढरा १० टक्के एवढाच ठेवावा, तोही सहा तास. पुढे दर आठवड्याला निळा सात-आठ टक्क्यांनी आणि पांढरा त्याच्या निम्म्याने वाढवत, पाच-सहा आठवड्यांत आठ तासांपर्यंत यावे. निळा ६५ आणि पांढरा २५ टक्के यांवर माझी टाकी स्थिरावली. तुमचा आकडा वेगळा असेल.

तो आकडा प्रवाळ स्वतःच सांगते. झोअँथिडचे देठ लांबून ती दिव्याकडे ताणलेली दिसली तर उजेड कमी पडतो आहे. ती दुपारभर मिटून राहिली किंवा मशरूम आक्रसून फिके पडले तर उजेड जास्त आहे. अशा वेळी दोन पायऱ्या मागे यावे आणि दहा दिवस कशालाही हात लावू नये. मोबाइलमधील लक्स मोजणारे ॲप मानवी डोळ्याला अनुसरून मोजते, त्यामुळे निळ्या उजेडाचा अंदाज त्याला येत नाही. नव्या दिव्याची जुन्याशी तुलना त्यावर करू नये. एकाच दिव्याखाली, रंगांचे प्रमाण न बदलता, मध्यभाग आणि कोपरा यांतला फरक पाहण्यापुरते ते कामाचे आहे.

उजेड वाढल्यावर काचेवर शेवाळ आले तर दिव्याला दोष देण्याआधी पाण्यातील नायट्रेट व फॉस्फेट मोजावे आणि आरओकडे पाहावे. आमच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, ८०० आहे. आरओच्या पडद्याने ९५ टक्के क्षार अडवले तरी ४० उरतात. घरगुती यंत्रातला टीडीएस वाढवणारा व्हॉल्व्ह बंद करून पुढे उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनची नळी जोडल्यावर माझे तपकिरी शेवाळ महिन्याभरात ओसरले.

उन्हाळ्यात दिव्याची वेळ बदलावी. मार्चअखेरीस रोज अर्ध्या तासाने सरकवत मी ती सायंकाळी ६ ते रात्री २ अशी आणतो, म्हणजे दिव्याची उष्णता आणि दुपारची उष्णता एकत्र येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारा छोटा पंखा दोन-तीन अंश उतरवतो. कोरड्या हवेत कूलर ज्या तत्त्वाने चालतो तेच येथे उपयोगी पडते, आणि पावसाळ्यात दमट हवेत दोघांचीही मात्रा कमी चालते. पंख्यामुळे मे महिन्यात माझ्या टाकीतून रोज दीड लिटर पाणी उडते. मीठ मागेच राहत असल्याने तीन दिवस दुर्लक्ष झाले तर हजारी ३५ ची क्षारता ३७ च्या पुढे जाते. ही भर शुद्ध आरओ पाण्याने रोज घालावी, खाऱ्या पाण्याने नव्हे.

जुनी टी-५ पट्टी लगेच भंगारात देऊ नये. विजेच्या चढउतारात एलईडीचा अडॅप्टर जळाला तर नवा कुरिअरने यायला आठवडा लागतो, आणि तेवढे दिवस ती पट्टी टाकी सांभाळते.